एक, तीन की सात? आद्यदेवदूतांची कुळकथा

मेहकरात शार्ङ्गधर बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्याला वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय कोण, हे समजावून सांगावे लागत नाही. देवाचा लवाजमा असतो आणि त्यातलेही कधीमधी घसरतात, हे घरातल्या थोरांनी कधीच सांगून ठेवलेले असते. ख्रिस्ती परंपरेतल्या लवाजम्यात मात्र मोजणीतच घोळ आहे. आद्यदेवदूत किती, असे वसईच्या कॅथलिक घरात विचारा, तीन नावे येतील: मीखाएल, गब्रीएल, राफाएल. हाच प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट कुटुंबात विचारा. मीखाएलवर ते ठाम असतील, गब्रीएलवर जरा थबकतील आणि राफाएल म्हणताच मान हलवतील. त्यांच्या बायबलात तो नाहीच.

खरे तर शास्त्रवचनात या मंडळींना जागा फारच थोडी आहे. ‘आद्यदेवदूत’ हा शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, नाव न घेता. आणि एकदा यहूदाच्या चिमुकल्या पत्रात, जिथे मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद घालणारा मीखाएल भेटतो. मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता देणारा गब्रीएल सर्वांत ओळखीचा, पण लूक त्याला नुसता ‘देवदूत’ म्हणतो. म्हणजे काटेकोर हिशेबाने आद्यदेवदूत एकच! त्याआधी दानीएलाच्या ग्रंथात हे दोघेही येतात. तिथे गब्रीएल दृष्टांतांचा उलगडा करतो, तर मीखाएल इस्राएलचा पाठीराखा अधिपती असतो.

राफाएलची कथा तोबीतच्या ग्रंथातली, आणि गोष्ट म्हणून ती या सगळ्यांत रसाळ. आंधळ्या तोबीतचा मुलगा तोबिया दूरगावी ठेवलेले पैसे आणायला निघतो. सोबतीला एक अनोळखी वाटाड्या येतो. वाटेत नदीत मासा धरला जातो, त्याचे पित्त जपून ठेवले जाते आणि घरी परतल्यावर त्याच पित्ताने बापाची दृष्टी परत येते. मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा वाटाड्या सांगतो, मी राफाएल, प्रभूसमोर उभ्या असणाऱ्या सात दूतांपैकी एक. प्रवासी आणि वैद्य यांनी त्याला आपला रखवालदार मानले ते यामुळेच. उरलेल्यांची नावे हनोखच्या ग्रंथासारख्या जुन्या ज्यू लिखाणात मिळतात. त्यांपैकी उरीएल विशेष लोकप्रिय झाला. इतका, की ७४५ साली रोमच्या धर्मसभेने बायबलबाहेरच्या दूतांची नावे घेऊन प्रार्थना करण्यावर बंदी घातली.

हुद्द्याचे प्रकरण तर आणखी मजेशीर. इ.स. ५०० च्या सुमारास दिओनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने स्वर्गातल्या दूतांच्या नऊ श्रेणी लावून दिल्या. त्यात आद्यदेवदूत वरून आठवे; खाली उरले फक्त साधे देवदूत. कागदावर हा दर्जा, पण लोकांच्या मनात मीखाएल स्वर्गीय सैन्याचा सेनापतीच होता. इटलीत गार्गानो डोंगरावरच्या गुहेत त्याचे मोठे ठाणे झाले. चित्रकारांनी त्याच्या पायाखाली अजगर दिला आणि एका हातात तलवार. न्यायाच्या दिवशी आत्मे तोलायचा तराजूही त्याच्याकडेच आला.

आपल्या किनाऱ्याला ही नावे लागली ती जहाजांवरून. वास्को द गामा १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला तेव्हा त्याच्या मुख्य जहाजाचे नाव ‘सांव गाब्रिएल’ होते आणि भाऊ पावलोच्या जहाजाचे ‘सांव राफाएल’. १४९८ मध्ये परतताना दोन्ही जहाजे कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी डागडुजीला थांबली. पुढे माणसे पुरेनात म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘राफाएल’ जाळून टाकावे लागले. त्यावरची राफाएलची लाकडी मूर्ती मात्र वाचली, ती आज लिस्बनच्या नौदल संग्रहालयात आहे.

जहाजांमागून चर्च आले. गोव्यात ताळगाव, हणजूण आणि ओर्लीची चर्च मीखाएलच्या नावाने उभी राहिली. ताळगावात ऑगस्टमध्ये नव्या भाताची पहिली कणसे या चर्चमध्ये आणतात, म्हणजे सेनापतीकडे शेतीचेही खाते आले. मुंबईत माहीमचे चर्चही त्याचेच. पण तिथे बुधवारी लोटणारी गर्दी मरीयेच्या नोव्हेनासाठी असते, आणि मूळ धनी आपल्याच घरात मागे पडला आहे. देवदूत मराठीत आणण्याचे मोठे काम फादर स्टीफन्सने केले. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्याने गब्रीएलचा निरोप ओवीत सांगितला आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटले.

वऱ्हाडात ख्रिस्ती धर्म पोचला तो दुसऱ्याच वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव या भागात अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे मिशनरी काम करू लागले. त्यांच्या हातातले मराठी बायबल प्रोटेस्टंट परंपरेचे. तोबीतचा ग्रंथ मूळ हिब्रू शास्त्रात नाही, म्हणून लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात तो वेगळ्या पुरवणीत टाकला होता. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ पासून अशा ग्रंथांवर पैसा खर्च करणेच थांबवले. लंडनमधल्या या ठरावाची झळ राफाएलला वऱ्हाडापर्यंत लागली. चर्चला संतांची नावे देण्याची हौसही या मिशनला नव्हती, त्यामुळे मीखाएल पुस्तकात राहिला, इमारतीवर चढला नाही.

पुढे १९५५ मध्ये अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि बुलढाणा जिल्हा त्यात आला. कॅथलिक पंचांगातही १९६९ मध्ये फेरबदल झाले. गब्रीएलचा २४ मार्च आणि राफाएलचा २४ ऑक्टोबर हे सण हलवून दोघांना मीखाएलच्या २९ सप्टेंबरला जोडून दिले. त्याच दिवशी अँग्लिकन परंपरेत ‘संत मीखाएल आणि सर्व देवदूत’ असा सण असतो. तिथे राफाएलची सोय ‘सर्व’मध्ये लागते.