दहा डॉलरचा बिल्ला: प्रवाळ वाचवायला लोक खरंच पैसे देतात का?

आज एक सरळ प्रश्न. समुद्राखालचं प्रवाळ वाचवायला तुम्ही स्वतःच्या खिशातून किती पैसे द्याल? "वाचवायलाच पाहिजे" असं म्हणायला काही लागत नाही. आकडा सांगा म्हटलं की आपण जरा थांबतो.

हा प्रश्न एका छोट्या बेटाने खरोखर विचारला होता. बेटाचं नाव बोनेर. कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, पण राज्य नेदरलँड्सचं. किनाऱ्यावरून पाण्यात उतरलात की थोड्याच अंतरावर प्रवाळभित्ती सुरू होते, म्हणून जगभरचे स्कूबा डायव्हर तिथे जातात.

या बेटाला जाग लवकर आली होती. १९७१ मध्ये पाण्याखाली भाल्याने मासे मारायला बंदी, १९७५ मध्ये प्रवाळ तोडायला बंदी आणि १९७९ मध्ये बेटाभोवतीच्या समुद्राचं सागरी उद्यान. सुरुवातीचा पैसा आला परदेशी देणगीतून. काही वर्षांत देणगी संपली आणि उद्यान उरलं फक्त कागदावर. डायव्हर मात्र वाढतच होते. म्हणजे ज्या प्रवाळावर हॉटेलं आणि बोटी चालत होत्या, त्याची राखण करायला माणसंच नव्हती!

१९९१ मध्ये डच सरकारने मदत दिली, पण कायमची नाही. पुढे उद्यानाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. मग डायव्हरकडून शुल्क घ्यायचं ठरत होतं. पण भीती एकच, पर्यटक दुसऱ्या बेटावर गेले तर?

म्हणून अभ्यासकांनी आधी डायव्हरनाच विचारलं. वर्षाला १० डॉलर द्याल? ९२ टक्के लोक हो म्हणाले. २० डॉलर? तरी साधारण ८० टक्के तयार. सरासरी काढली तर माणशी २७ डॉलरच्या वर जात होती.

१९९२ मध्ये १० डॉलरचं शुल्क सुरू झालं. पैसे भरले की एक बिल्ला मिळायचा, तो डायव्हिंगच्या सामानाला अडकवायचा. पहिल्याच वर्षी दीड लाख डॉलरहून जास्त जमले, आणि उद्यान चालवायचा खर्चही साधारण तेवढाच होता. २००५ मध्ये शुल्क २५ डॉलर झालं. डायव्हर येतच राहिले.

हे जमलं कशामुळे? पैसा उद्यानासाठीच राहिला आणि काम डोळ्यांना दिसलं. बोटींनी प्रवाळावर नांगर टाकू नये म्हणून पक्के बोये बांधलेले, गस्त घालणारी माणसं नेमलेली.

आता दुसरी गोष्ट बघा. २००९ मध्ये अमेरिकेत देशभरातल्या लोकांना हवाईच्या प्रवाळाबद्दल असंच विचारलं गेलं. प्रश्नात दोन कामं होती: संरक्षित क्षेत्र वाढवणं आणि जहाजं आदळून मोडलेलं प्रवाळ पुन्हा उभं करणं. उत्तर आलं, दर कुटुंबामागे वर्षाला सुमारे २८७ डॉलर. सगळ्या कुटुंबांचे मिळून तेहतीस अब्जांहून जास्त. आकडा दणदणीत! पण ते बिल कुणाच्या घरी गेलं नाही. बोनेरचं वेगळेपण इथेच आहे. तिथे "देईन" म्हणणाऱ्याच्या हातात लगेच पावती ठेवली.

अर्थात, बिल्ल्याने सगळं भागत नाही. २०२३ मध्ये बोनेरच्या प्रवाळावर रोग आला, पाणी तापून ते पांढरंही पडलं. बोया नांगर अडवतो, समुद्राचं तापणं नाही. त्याचा खर्च एकट्या डायव्हरने कसा उचलायचा? तापवणारे तर आपण सगळेच.

तर मंडळी, मालवणला किंवा अंदमानला स्नॉर्केलिंग केलं असेल, तर बोटवाल्याला दिलेले पैसे आठवा. त्यावर प्रवाळासाठी किती द्याल? आणि ते जातात कुठे, हे विचाराल ना?