दुसऱ्याच्या नावावरची जमीन

सातबारा कोणाच्या नावावर, या प्रश्नावरून आपल्याकडे सख्खे भाऊ कोर्टात जातात. परमुलखात तोच प्रश्न माणसाला रस्त्यावर आणतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले शीख, मुस्लिम आणि हिंदू शेतकरी कॅलिफोर्नियात गेले. तिथले लोक या सर्वांना सरसकट ‘हिंदू’च म्हणत. १९१३ मध्ये त्या राज्याने कायदा केला की, ज्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही, त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. रोख होता जपानी शेतकऱ्यांवर. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ मानण्यास आणि म्हणून नागरिकत्वास पात्र मानण्यास नकार दिला. मग पंजाबीही या कचाट्यात सापडले.

उपाय एकच उरला, दुसऱ्याचे नाव. कोणी गोऱ्या शेजाऱ्याच्या, कोणी वकिलाच्या नावावर तोंडी विश्वासाने जमीन केली. काहींनी अमानत सांभाळली, काहींनी गिळली. फसलेल्याने दाद मागायची, तर आधी स्वतःच कायद्याला बगल दिल्याचे सांगावे लागणार! अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली होती. त्यांची मुले जन्माने अमेरिकन, म्हणून पुढे जमीन मुलांच्या नावावर होऊ लागली.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. तोवर एक पिढी दुसऱ्याच्या नावावरच राबली होती.

आज आपली मुले परदेशात घरे घेतात. त्यांना एवढेच सांगावे: किंमत नंतर विचारा, आधी विचारा की कागदावर नाव कोणाचे लागणार.