संगमरवरी लादीचा पर्यावरणीय हिशेब

राजस्थानातील किशनगड येथील पांढऱ्याशुभ्र टेकड्यांवर छायाचित्रे काढण्यासाठी पर्यटकांची झुंबड उडते. तो बर्फ नव्हे, संगमरवर कापताना निघालेला गाळ आहे. लादीचा पर्यावरणीय हिशेब या गाळापर्यंत पोहोचतो की नाही, हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरते.

अशा मोजणीसाठी 'जीवनचक्र मूल्यांकन' ही पद्धत वापरली जाते. आयएसओ १४०४० या मानकात तिची चौकट दिलेली आहे. खाणीपासून वीज, डिझेल, पाणी व टाकाऊ दगड यांची नोंद घेतली जाते. मात्र खाणीतून निघालेल्या एका टनामागे मोजल्यास आकडा सौम्य दिसतो; तयार लादीच्या एका चौरस मीटरमागे मोजल्यास वाया गेलेल्या दगडाचा भारही त्यात येतो. अर्थातच दुसरी रीत अधिक प्रामाणिक.

गँगसॉच्या पात्याची खाच ५ मिलिमीटर धरली, तर २० मिलिमीटर जाडीच्या लाद्या कापताना ठोकळ्याच्या सुमारे एक पंचमांश भागाचा भुगा होतो. खाणीत सुरुंगाऐवजी हिऱ्याच्या मण्यांची वायर-सॉ वापरल्यास दगडाला तडे कमी जातात, पाणी लागतेच. ते निवळून पुन्हा वापरता येते. उरलेला गाळ वाळला की उडतो, जमिनीवर साचला की पाणी मुरू देत नाही.

हवेतील पीएम-१० कणांसाठी २००९ मध्ये २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. ती परिसरातील हवेची. यंत्राशेजारी उभ्या कामगाराच्या श्वासातील धूळ स्वतंत्रपणे मोजावी लागते. ग्रॅनाइटच्या कारखान्यांत तर आवर्जून, कारण त्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस जडतो.