वादसभेतले पराभव

प्राचीन भारतात शास्त्रार्थ नियमाने चाले. वादी, प्रतिवादी, मध्यस्थ आणि सभा अशी त्याची मांडणी असे. हरणाऱ्याची प्रतिष्ठा तर जाईच, राजाश्रयावरही पाणी सोडावे लागे. त्यामुळे समोरच्याचा युक्तिवाद नेमका कुठे घसरला हे ओळखणे ही पंडितांची रोजची गरज होती.

याचा एक जुना पुरावा वैद्यकाच्या ग्रंथात सापडतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातला आठवा अध्याय वैद्यांनी आपापसांत चर्चा कशी करावी हे सांगतो. सलोख्याची चर्चा निराळी, जिंकण्यासाठीची निराळी. दुसरीसाठीचा सल्ला मासलेवाईक आहे. प्रतिस्पर्ध्याचे वाचन कमी असेल तर त्याच्यापुढे लांबलचक सूत्रपाठ करावा. समज कमी असेल तर अवघड शब्द फेकावेत. ऐकलेले लक्षात राहत नसेल तर वाक्ये लांबवावीत. तापट असेल तर दमवावे, भित्रा असेल तर घाबरवावे. वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा पाहणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

या डावपेचांना शास्त्राची शिस्त लावली ती गौतमाच्या न्यायसूत्रांनी. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडत बसणे ती वितंडा. शिवाय ५ हेत्वाभास म्हणजे वरून खरी वाटणारी पण सदोष कारणे, ३ छल म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणे, २४ जाती म्हणजे वरवरच्या साम्यभेदावर उभे केलेले पोकळ आक्षेप, आणि २२ निग्रहस्थाने, म्हणजे जिथे पाऊल पडले की हार ठरे अशा जागा.

छलाचे उदाहरण न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायनाने दिले आहे. कोणी म्हणाले, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. म्हणजे त्याच्या अंगावर नवी कांबळ आहे. प्रतिवादी ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, कांबळ तर एकच दिसते, नऊ कुठून आल्या?

निग्रहस्थानांत माणसांची पारख अधिक दिसते. अंगाशी आल्यावर काम निघाल्याचे सांगून उठणे हा विक्षेप. आपल्यावरचा दोष न खोडता ‘तुमच्याकडेही तोच आहे’ म्हणणे ही मतानुज्ञा. आपल्या राजकारणात ती बारमाही पिकते. समोरचा चुकला असताना ते लक्षात न येणे हेही हरण्याचे कारण धरले जाई.

छलासारखी हत्यारे शास्त्रात ठेवायचीच कशाला? न्यायसूत्रांचे उत्तर असे की रोपाभोवती काट्यांचे कुंपण घालतात, तसे सत्याच्या रक्षणासाठी, ही हत्यारे वापरणारे जल्प आणि वितंडा. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाला हे मान्य नव्हते. ‘वादन्याय’ ग्रंथात त्याने सज्जनाला छल शोभत नाही असे बजावले आणि २२ निग्रहस्थानांची लांबण मोडून पराभवाची कारणे दोनच ठेवली: वादीने सिद्धतेला लागणारे न सांगणे आणि प्रतिवादीने खरा दोष न दाखवणे. त्याचीच बाजू अधिक सरळ वाटते.

पुढच्या काळात भर हेत्वाभासांवर आला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या पुस्तकात त्यातले एक उदाहरण नेमके उतरले आहे. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे, हे बरोबर. पण आग आहे म्हणून धूर आहे, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला आगीबरोबर ओले जळणही लागते. नजरेआड राहिलेली ही अट म्हणजे उपाधी. एखादा क्लास आपल्या मुलांचे गुण जाहिरातीत छापतो आणि प्रवेश मात्र परीक्षा घेऊन हुशारांनाच देतो, तेव्हा उपाधी तिथेच बसलेली असते.

या सगळ्या संज्ञांचा मोठा कोश मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या भीमाचार्य झळकीकरांनी रचला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली ‘न्यायकोशा’ची आवृत्ती १९२८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली. एखादा हेत्वाभास अडला की अभ्यासक आजही तीच उघडतात.