कल्याण कॅम्प आणि संशयाचा इतिहास

कल्याण स्थानकाबाहेर उल्हासनगरची रिक्षा शोधणारा माणूस आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असाच पत्ता सांगतो. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. छावणीचे शहर झाले. बोलण्यातला ‘कॅम्प’ मात्र गेला नाही. निर्वासितांविषयी समाजाला वाटणारी भीती कशी वागते, हे तपासण्यासाठी या शहरापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. कारण ती भीती आपल्याकडे दहशतवादाच्या आजच्या चर्चेहून पुष्कळ जुनी आहे.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० जानेवारीला, दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. तो घडवणारा मदनलाल पाहवा हा पंजाबातून आलेला निर्वासित होता. अहमदनगर जिल्ह्यातील विसापूरच्या निर्वासित छावणीशी त्याचा संबंध होता. निर्वासितांत एखादा घातपाती असू शकतो, ही भीती तेव्हा निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु ३० जानेवारीला गोळ्या झाडणारा निर्वासित नव्हता. तो पुण्यात वृत्तपत्र चालवणारा, याच मातीतला, मराठी माणूस होता. त्याच्या जातीचा सूड मग पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावच्या ब्राह्मण घरांवर उगवला गेला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच जाळपोळीची आहे. एकाच्या कृत्यासाठी साऱ्या समूहाला आरोपी करण्याची वृत्ती परक्यांपुरती मर्यादित राहत नाही, घरच्यांवरही उलटते, असा धडा या एका महिन्याने महाराष्ट्राला दिला. आपण तो कितपत लक्षात ठेवला, हा प्रश्नच आहे.

या घटनाक्रमातील एक व्यक्ती आपणा साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या विशेष जवळची आहे. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी या मदनलालला मदत केली होती. स्वतःची पुस्तके विकायला देऊन त्याला चार पैसे मिळवण्याची वाट करून दिली होती. त्या ओळखीतूनच मदनलाल त्यांच्यापाशी कटाविषयी बोलला. जैन यांना आधी ते खरे वाटले नाही. स्फोटाची बातमी येताच मात्र त्यांनी बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांना सारे सांगितले. तरीही हत्या टळली नाही. तपासातील उणिवांची चर्चा पुढे कपूर आयोगाने केली. येथे महत्त्वाचे ते इतकेच, की धोक्याची खबर सरसकट संशयातून मिळाली नव्हती. एका निर्वासिताशी माणसासारखे वागलेल्या शिक्षकाला ती कळली होती.

१९४८ सालीच मुंबई प्रांताने निर्वासितांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा केला. येणाऱ्याची नोंद ठेवणे, चौकशी करणे हा राज्यसंस्थेचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. प्रश्न चौकशीचा नसून ती कोणाची, याचा आहे: माणसाची, की तो ज्या दिशेने आला त्या दिशेची?

नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ला झाला. एका हल्लेखोराजवळ सीरियाचा पासपोर्ट सापडला आणि अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांच्या गव्हर्नरांनी सीरियाचे निर्वासित नकोत असे जाहीर केले. काही हल्लेखोर निर्वासितांच्या गर्दीतून युरोपात शिरले होते, हे खरे. पण त्यांच्यातले बहुतेक फ्रान्स आणि बेल्जियमचेच नागरिक होते. ज्या संघटनेने हा हल्ला केला, तिच्याच भीतीने घर सोडलेल्या कुटुंबांना तिचे हस्तक समजण्यात आले.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये मारल्या गेलेल्यांत तिघे डोंबिवलीचे होते. शोक आमच्या दारात होता. तेव्हा भीती आणि संताप यांना नावे ठेवण्याचा अधिकार दूरस्थ विचारवंतांना नाही. त्याच आठवड्यात पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. जवळच्याच उल्हासनगरात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी सिंधी कुटुंबे कागदोपत्री पाकिस्तानीच होती. हिंदूंचे असे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा सरकारने केला. त्यांना दिलासा मिळाला, हे योग्यच झाले. पण या खुलाशाची गरज पडावी, यातच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. ज्या देशातून माणूस पळाला, त्या देशाचे नाव त्याच्या कपाळी लिहिलेले राहते. आणि ते पुसायचे तर कागद धर्म विचारतो. धर्माच्या सवलतीत न बसणारा, पण तितक्याच जुलमाने हाकलला गेलेला माणूस मग कोणता खुलासा दाखवणार?

‘निर्वासित’ या शब्दात घालवून दिले जाणे आहे, ‘शरणार्थी’ या शब्दात आसरा मागणे आहे, ‘घुसखोर’ या शब्दात निवाडा आहे. यांपैकी कोणता शब्द वापरायचा, हे आपण बहुधा समोरच्या माणसाशी बोलण्यापूर्वीच ठरवून टाकलेले असते. जगदीशचंद्र जैन आधी बोलले होते.