अँटिव्हायरसचा रतीब

सांगलीत मी दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून यायचे आणि त्यांना जरा रीतभात होती. ‘जोशी’ नावाचा एक होता. १९९० मध्ये आपल्याकडेच पहिल्यांदा सापडलेला. ५ जानेवारीला तो मशीन अडवून धरायचा. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केलं की स्वारी खूश, काम पुढे सुरू. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेल्या ‘ब्रेन’मध्ये तर त्यांच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा होता.

अँटिव्हायरसही तेव्हा आटोपशीर असायचा. राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरून मशीन बूट करायचं, स्कॅन मारायचा, व्हायरस काढायचा आणि फ्लॉपी खिशात घालून निघायचं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांचं क्विक हील आलं ते याच दिवसांत, १९९५ च्या सुमारास. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेलं हत्यार ते. काम झालं की परत पेटीत.

ते घराघरात कायमचं बिऱ्हाड करून राहिलं, त्याला मुख्यतः भीती कारणीभूत झाली. २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ व्हायरस उडाला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचाच, पण काही मदरबोर्डांवर बायोसच्या चिपवरचा मजकूरही उडवायचा. बटण दाबलं तर स्क्रीन काळी ती काळीच. त्यानंतर अँटिव्हायरस कुणाला पटवून द्यावा लागला नाही. एक वर्षाची परवाना-की असलेलं खोकं काउंटरवर मांडलं की गिऱ्हाईक आपणहून उचलायचं. मार्जिन चांगलं होतं आणि दर वर्षी तेच गिऱ्हाईक परत यायचं. आमच्या धंद्यात दुसऱ्या कुठल्या मालाला असा रतीब नव्हता.

पण मुक्कामी राहिलेला पाहुणा घरातलं खातोच. विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या मशीनमध्ये १२८ किंवा २५६ एमबी रॅम असायची. फाइल उघडली की आधी तिची झडती, मग ती स्क्रीनवर. लग्नपत्रिका आणि गणेश मंडळांचे अहवाल लावणारा एक डीटीपीवाला घरूनच काम करायचा. पेजमेकरची फाइल उघडायला टाकून तो चहा करून आणायचा. त्यात त्याच्या मेव्हण्याने ‘एकाला दोन बरे’ म्हणून दुसरा अँटिव्हायरस टाकून दिला. दोघेही प्रत्येक फाइलवर एकदमच झडप घालायला लागले आणि मशीन हँग. काढायला गेलं तर अर्धा निघाला, अर्धा ड्रायव्हरमध्ये अडकून राहिला. कंपनीचंच वेगळं रिमूव्हल टूल आणून त्याला उपटावं लागलं. तो निघाला, तर उरलेल्याने मराठी फॉन्टचं रूपांतर करणारी त्याची छोटी एक्झी ट्रोजन समजून क्वारंटाइनमध्ये टाकली. पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती.

हे फक्त सांगलीतच होत होतं असं नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने विंडोजची स्वतःची user32.dll ट्रोजन ठरवली आणि युरोपातली मशीनं चालू होईनात. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीने svchost.exe धरली, एक्सपीची मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली. विंडोजमध्ये हात घालायचा सगळ्यात मोठा अधिकार ज्याला दिला, त्याच्या रोजच्या अपडेटमध्ये चूक निघाली की ती एका दिवसात सगळीकडे पोचते. फ्लॉपीच्या काळात अपडेट उशिरा यायचं, पण चुकीचं आलं तरी गल्लीपुरतं राहायचं.

कीचं वर्ष संपलं की स्क्रीनवर लाल पट्टी यायची. विश्रामबागच्या एका निवृत्त बाईंनी मला फोन करून विचारलं, “अहो, ते लाल झालंय. आता स्फोटबिट नाही ना व्हायचा?” पट्टी तशीच रंगवलेली असायची. फुकट अँटिव्हायरसवाल्यांची वसुली निराळी. ब्राउझरच्या डोक्यावर टूलबार चढवणं त्यातलं सौम्य. अवास्टने तर आपल्या जंपशॉट या कंपनीमार्फत लोक कुठल्या साइटवर काय बघतात ते विकलं. जानेवारी २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल केले. पैसे भरून घेतलेल्या नॉर्टन ३६० मध्येही २०२१ मध्ये क्रिप्टोचं खाणकाम येऊन बसलं होतं. ते गिऱ्हाइकाने स्वतः चालू करायचं होतं हे खरं, पण पहारेकऱ्याने हा धंदा कशाला काढावा?

आमच्या रतिबाला ओहोटी लावली ती मायक्रोसॉफ्टने. २००९ मध्ये फुकट सिक्युरिटी इसेन्शियल्स दिलं आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर डिफेंडर घरातच आला. सुरुवातीला तो यथातथाच होता. आता घरच्या बहुतेक मशीनना तेवढा पुरतो, असं मी काउंटरच्या अलीकडे उभा राहूनच सांगतो.

या सगळ्याहून मोठा घोळ मात्र खोक्याच्या बाहेर होता. असेंबल केलेल्या मशीनवर विंडोज सर्रास क्रॅकचं टाकलं जायचं. ‘जेन्युइन नाही’ अशी पाटी येऊ नये म्हणून अपडेट बंद करायचे, आणि वर अस्सल, बिलासकट अँटिव्हायरस विकायचा. पायरेटेड विंडोजवर पावतीचा अँटिव्हायरस हे जिल्ह्यातल्या बऱ्याच घरच्या मशीनचं चित्र असावं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस सुटला तेव्हा त्याला अडवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं. अपडेट बंद असलेल्या मशीनवर ते पोचणार कसं? त्या आठवड्यात दुकानात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, “अँटिव्हायरस तर आहे की!” आणि खोक्यावरची की खरंच पुढच्या जानेवारीपर्यंत चालू असायची.