खिळ्यांचे राज्य

मी पदवीधर नाही. माझे शिक्षण झाले ते पत्रके लिहिता लिहिता आणि ती छापून घेता घेता. १९९० च्या सुमारास बडनेऱ्यात आमच्या संघटनेचे पत्रक घेऊन मी एका लहान छापखान्यात गेलो. मजकुरात ‘हक्क’ हा शब्द अकरा ठिकाणी होता. खिळे जुळविणारे काका केसकडे पाहून म्हणाले, “भाऊ, मोठ्या टायपात ‘क्क’ सातच हायेत. चार जागी ‘अधिकार’ लावून टाका.” मी लावले. घरी परतताना मनात आले, माझे वाक्य मी लिहिले की खिळ्यांनी?

तेव्हापासून मी या गोष्टीचा माग घेत आलो आहे. छपाई येण्यापूर्वी आपला रोजचा लेखी व्यवहार मोडीत चाले. हात न उचलता झरझर लिहिण्याची ती लिपी, अक्षर अक्षराला बिलगलेले. शिशाचा खिळा मात्र सुटा. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मोडीचेही खिळे पाडले व कॅरीचा १८१० चा मराठी कोश त्यांनी छापला. पण पुढे जम बसला तो बालबोधीचा. शाळेची पुस्तके आणि वर्तमानपत्रे तिच्यात निघाली, मोडी दप्तरात राहिली. छापखाना हे एकच कारण नव्हे, पण मोठे कारण होय, असे माझे मत आहे. आज आपल्या वऱ्हाडात आजोबांचे खरेदीखत घरात असते, आणि ते वाचायला माणूस शोधत फिरावे लागते.

उलटही घडले. मजकुरानेही यंत्राला वाकविले. लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ त टाइपांचा कारखाना व १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांची बिकट जोडाक्षरे सुबक छापायची, तर खिळाही तसाच सुबक पाडणे भाग होते. इंग्रजीची वर्णमाला सव्वीस अक्षरांची. आपल्याला खिळे शेकडो लागत. वर्तमानपत्राला एवढी सवड कोठून? म्हणून लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या घटविण्याच्या प्रश्नात लक्ष घातले. सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी बाराखडी सुचविली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती चालविली. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरविले. यंत्राला ते सोयीचे होते. वाचकांच्या डोळ्यांना रुचले नाही, आणि वेलांटी पुन्हा डावीकडे आली. पंडितांनी परिषदेत ठरवावे आणि शाळेतल्या पोराने ते मोडावे, यात मला तरी आनंदच वाटतो.

मग संगणक आला. त्याला जोडाक्षराचा वेगळा खिळा पाडावा लागत नाही. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीलाही जागा मिळाली. खिळ्यांपुढे मागे पडलेली लिपी पडद्यावर परत उमटू लागली. ‘हक्क’ आता हवा तितक्या वेळा लिहिता येतो.

त्या छापखान्यात संगणक बसला, तेव्हा काकांच्या केसमधले शिसे भंगारात किलोवर गेले. उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाचण्याची त्यांची विद्या कोणाच्याच कामाची उरली नाही. नुकसानभरपाई मागावी, तर तेथे कामगार अवघे तीन, आणि आम्ही मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर गुंतलेले. आमची सगळी पत्रके त्यांनी जुळविली होती. त्यांच्यासाठी आम्ही एकही काढले नाही.